देशाचा घरबाजार आणि पाथर्डी फाट्यावरचा टू बीएचके

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: अंबडच्या कारखान्यात नोकरी, पाथर्डी फाट्याला भाड्याचं घर, जवळच्याच एका चालू स्कीममध्ये ४८ लाखांचा टू बीएचके पसंत पडला आहे. २०२५ भर बातम्या वाचल्या. एकात देशात घरांची विक्री घटली, दुसऱ्यात किमती वाढल्या, तिसऱ्यात व्याजदर उतरले. बिल्डर म्हणतो कुंभमेळ्याआधी घ्या, नंतर परवडणार नाही. मित्र म्हणतात कुंभमेळा होऊ द्या, भाव पडतील. वडील नाशिकरोडचा २००४ साली सहा लाखांत घेतलेला फ्लॅट विकून मदत करायला तयार आहेत, त्याचे साधारण ३२ लाख येतील. घ्यावं की थांबावं?

मी नाशिकमध्ये बँकांच्या गृहकर्जासाठी घरांचं मूल्यांकन करतो. जाहिरातीतला भाव, करारनाम्यातला भाव आणि त्याच इमारतीत वर्षभरानंतर झालेल्या फेरविक्रीचा भाव हे तिन्ही माझ्या टेबलावर येतात. त्यावरून सांगतो: तुम्हाला किमान सात-आठ वर्षं नाशिकमध्येच राहायचं असेल आणि हप्ता घरात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत बसत असेल, तर घर घ्या. पण बातम्यांमधल्या आकड्यांवरून घाई करू नका आणि त्याच आकड्यांवरून थांबूही नका. ते आकडे तुमच्या घराबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

२०२५ मध्ये काय झालं ते पाहू. अ‍ॅनारॉक या सल्लागार संस्थेच्या हिशेबाने देशातल्या सात मोठ्या शहरांत घरविक्री १४ टक्क्यांनी घटली, सुमारे ४.६० लाखांवरून ३.९६ लाख घरांवर आली. विकलेल्या घरांची एकूण किंमत मात्र ६ टक्क्यांनी वाढून सहा लाख कोटी रुपयांच्या वर गेली. सरासरी चौरस फुटाचा दर सुमारे ८ टक्क्यांनी वाढला. नाइट फ्रँकचा अहवाल अहमदाबाद धरून आठ शहरांचा असतो. त्यांच्या मते विक्री जेमतेम एका टक्क्याने घटली. त्यांच्याच आकड्यांत विकल्या गेलेल्या घरांपैकी निम्मी घरं एक कोटीच्या वरची आहेत. दोन्ही अहवालांची शहरं वेगळी, मोजण्याची रीत वेगळी, म्हणून घट वेगळी दिसते. दिशा मात्र एकच आहे: घरं कमी विकली गेली, महाग घरं जास्त विकली गेली.

आता पहिल्या अहवालाचे आकडे एकमेकांशेजारी ठेवा. घरं १४ टक्क्यांनी कमी आणि पैसा ६ टक्क्यांनी जास्त, म्हणजे विकल्या गेलेल्या एका घराची सरासरी किंमत वीस टक्क्यांहून जास्त वाढली. चौरस फुटाचा दर तर आठच टक्के वाढला. मधला फरक कुठून आला? लोकांनी आधीपेक्षा मोठी आणि महाग घरं घेतली म्हणून आला. तेच घर वीस टक्क्यांनी महाग झालं असा त्याचा अर्थ होत नाही.

हे नीट कळावं म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडतो, कारण सगळा घोळ इथेच होतो. समजा, एखाद्या शहरात गेल्या वर्षी ५० लाखांची ६० घरं आणि सव्वा कोटीच्या जरा आतली, म्हणजे १ कोटी २० लाखांची ४० घरं विकली गेली. एकूण १०० घरं, ७८ कोटी रुपये, सरासरी ७८ लाख. यंदा ५० लाखांची ४०च घरं विकली गेली आणि १ कोटी २० लाखांची ५०. एकूण ९० घरं, ८० कोटी रुपये, सरासरी जवळपास ८९ लाख. कुठल्याही घराचा भाव एक रुपयानेही वाढलेला नाही. तरी बातमी येईल की विक्री १० टक्के घटली, उलाढाल वाढली आणि सरासरी किंमत १४ टक्क्यांनी चढली. ती बातमी खोटी नसेल. पण ५० लाखांचं घर शोधणाऱ्याने ती वाचून धास्तावायचं काहीच कारण नाही. उलट त्याच्या गटातली मागणी तिसऱ्या हिश्शाने घटलेली आहे, म्हणजे घासाघीस करायला त्याला जागा आहे. मागणी कशाने घटली हे मात्र पाहायला हवं. तशी घरं बांधलीच गेली नसतील, तर घासाघीस कोणाशी करणार?

देशभर नेमकं हेच चाललं आहे. जमिनीचे भाव चढले की बिल्डरला त्याच जागेवर छोटी घरं बांधणं परवडत नाही. परवडणाऱ्या घराची ४५ लाखांची व्याख्या जीएसटीसाठी २०१९ च्या एप्रिलपासून जिथल्या तिथे आहे. बांधकामाचा खर्च तिथे थांबलेला नाही. त्यात प्राप्तिकराची नवी पद्धत आली. २०२५-२६ पासून तिच्यात बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पण स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जव्याजाची दोन लाखांची वजावटही मिळत नाही. पूर्वी "कर वाचतो म्हणून घर घेतो" म्हणणारा पगारदार वर्ग मोठा होता, आणि तो मुख्यतः याच गटात घर घ्यायचा. त्याचं ते कारण आता उरलेलं नाही. मला हा बदल बरा वाटतो. कर वाचवण्यापुरतं घेतलेलं घर बरेचदा चुकीच्या ठिकाणी आणि चुकीच्या आकाराचं असायचं. पण छोट्या घरांची मागणी त्यामुळे घटली हेही मान्य करायला हवं.

भाव खरोखर किती वाढला हे पाहायचं असेल, तर सल्लागारांच्या अहवालांपेक्षा रिझर्व्ह बँकेचा घरकिंमत निर्देशांक मला जास्त विश्वासाचा वाटतो. तो निबंधक कार्यालयांत नोंदलेल्या व्यवहारांवरून काढतात. २०२४-२५ च्या शेवटच्या तिमाहीत त्याची वार्षिक वाढ ३.१ टक्के होती, २०२५-२६ च्या पहिल्या तिमाहीत ३.६ टक्के. एकीकडे आठ टक्के, दुसरीकडे साडेतीन, एवढं अंतर का? नोंदणीत लोकांनी प्रत्यक्ष मान्य केलेली किंमत असते, तर अहवालांवर नव्या स्कीमच्या सांगितलेल्या भावांची छाया असते. नोंदणीतही दोष आहेच. काही व्यवहारांत रोखीचा भाग कागदावर येत नाही, त्यामुळे आकडा थोडा दबलेला राहतो. खरा भाव या दोहोंच्या मध्ये, पण माझ्या अनुभवाने नोंदणीच्या बाजूला जास्त झुकलेला असतो. त्या निर्देशांकात महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर आहेत, नाशिक नाही. नाशिक आहे ते राष्ट्रीय आवास बँकेच्या 'रेसिडेक्स'मध्ये, देशातल्या पन्नास शहरांत. त्याचा एक निर्देशांक बँकांकडे आलेल्या मूल्यांकनांवरून बनतो, म्हणजे आमच्यासारख्यांनी लिहिलेल्या आकड्यांवरूनच. म्हणून त्याची मर्यादा मला ठाऊक आहे. मूल्यांकनकार आधी झालेले व्यवहार पाहून लिहितो, त्यामुळे बाजार वळला तरी हा निर्देशांक थोडा मागून वळतो. वर्षाची दिशा पाहायला तो चांगला आहे, या महिन्याचा भाव ठरवायला नाही.

व्याजाचं बोलू, कारण २०२५ मध्ये तुमच्यासाठी खरा बदल तिथेच झाला. रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, फेब्रुवारीत ६.५० वरून ६.२५, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये एकदम ५.५० आणि डिसेंबरमध्ये ५.२५ टक्के केला. एका वर्षात सव्वा टक्का. ३० लाखांचं वीस वर्षांचं कर्ज ८.७५ टक्क्यांनी घेतलं असतं, तर हप्ता साधारण २६,५०० रुपये आला असता, ७.५० टक्क्यांनी तो २४,१७० च्या आसपास येतो. महिन्याला २,३०० रुपये. आणि हप्ता जुनाच, २६,५०० चा ठेवला, तर कर्ज सुमारे साडेतीन वर्षं आधी फिटतं. मी तुम्हाला हा दुसरा मार्ग सुचवेन. पगार वाढेल तसा तो हप्ता हलका वाटू लागेल आणि मुलांच्या कॉलेजच्या खर्चाच्या आत कर्ज संपलेलं असेल. बँकेचं बदलत्या दराचं गृहकर्ज रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेलं असतं आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावा लागतो. गृहवित्त कंपन्यांवर ही सक्ती नाही, तिथे दर उतरायला वेळ लागतो. दोन ठिकाणी एकच व्याजदर सांगत असतील, तर बँकेकडून घ्या.

सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. घर स्वस्त होईल का, असं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं. निवासी बांधकामात बिल्डरला भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे त्याचा खर्च खरंच थोडा कमी झाला. पण सिमेंट हा बांधकामखर्चाचा एक भाग आणि बांधकाम हा घराच्या किमतीचा एक भाग. पोलादावर १८ टक्के आधीपासूनच आहेत, ते तसेच राहिले. यातून किंमत उतरेल ही आशा धरू नका. घासाघीस करताना एक मुद्दा म्हणून वापरा, इतकंच.

आता नाशिककडे येतो. १ एप्रिल २०२५ पासून राज्याने रेडी रेकनरचे दर वाढवले. त्याआधी दोन वर्षं ते तसेच होते. नाशिक महापालिका हद्दीत वाढ ७.३१ टक्के झाली. सोलापूरला तर १०.१७ टक्के. "सरकारनेच सात टक्के भाव वाढवलाय" हे वाक्य तुम्ही साइट ऑफिसमध्ये ऐकलं असेलच. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्क आकारण्यासाठीचा किमान दर आहे, बाजारभाव नव्हे. मात्र त्याचा एक परिणाम जपायला हवा. जुन्या वस्त्यांतल्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत प्रत्यक्ष भाव काही ठिकाणी रेडी रेकनरच्याही खाली असतो. तिथे शुल्क जास्त किमतीवर भरावं लागतं, आणि दोन्हींतला फरक दहा टक्क्यांपेक्षा जास्त असला, तर तो फरक घर घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर प्राप्तिकर लागतो. जुना फ्लॅट स्वस्तात मिळतोय म्हणून आनंदात इसार देण्याआधी त्या सर्व्हे नंबरचा दर काढून बघा. वडिलांचा फ्लॅट विकतानाही हेच पाहा, कारण विकणाऱ्याचा नफाही मग वाढीव किमतीवरून मोजला जातो.

कुंभमेळ्याबद्दल. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. या निमित्ताने रस्ते, पूल, मलनिस्सारण यांची कामं होतील; ती शहराला हवीच आहेत. रस्ता झाला की त्या रस्त्यालगतच्या जमिनीचा भाव वाढतो, कायमचा वाढतो. पण भाविक येतात आणि जातात. ते पाथर्डी फाट्यावर टू बीएचके घेत नाहीत. नाशिकमध्ये फ्लॅटला गिऱ्हाईक कोण? अंबड-सातपूरचा कामगार आणि अभियंता, सरकारी नोकर, ओझरच्या एचएएलमधला कर्मचारी, मुंबईतून निवृत्त होऊन येणारं जोडपं, आणि निफाड-दिंडोरी-सटाण्याचा द्राक्ष-कांद्यातला शेतकरी, जो मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर करतो. शेवटचा गट नाशिकच्या बाजारासाठी किती मोठा आहे हे बाहेरच्या अहवालांना दिसत नाही. कांद्याचा भाव पडला किंवा द्राक्षावर अवकाळी पाऊस झाला, की आडगाव, म्हसरूळ, मेरीकडचं बुकिंग मंदावतं. दिल्ली-मुंबईचा कुठलाही आलेख ते दाखवणार नाही. म्हणून कुंभमेळ्याने भाव उसळतील आणि नंतर कोसळतील, हे दोन्ही मला पटत नाही. ज्या मालाची मागणी कुंभमेळ्यावर उभीच नाही, तो कुंभमेळा संपल्यावर का पडावा?

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. नाशिक-सोलापूर-अक्कलकोट या ३७४ किलोमीटरच्या महामार्गाला केंद्राने डिसेंबर २०२५ च्या अखेरीस मंजुरी दिली. यांनी भाव हलतो, पण तो जमिनीचा. फ्लॅटसाठी त्याची वाट पाहू नका, आणि त्याच्या नावावर कुणी इगतपुरी-सिन्नरकडे बिनशेती न झालेला प्लॉट विकत असेल तर सातबारा, बिनशेती आदेश आणि मंजूर लेआउट हे तिन्ही पाहिल्याशिवाय एक पैसाही देऊ नका.

मग तुमच्या घराचा भाव कसा ओळखायचा? नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सर्व्हे नंबर टाकून नोंदलेल्या दस्तांची सूची दोन, म्हणजे व्यवहाराची किंमत आणि क्षेत्र दाखवणारा उतारा, पाहता येते. तुम्ही पाहिलेल्या स्कीममधले आणि शेजारच्या दोन-तीन इमारतींमधले दस्त काढा. प्रत्येकाची किंमत रेरा कारपेटने, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापरायच्या क्षेत्राने भागा. बिल्डर 'सेलेबल' क्षेत्राचा, म्हणजे सामाईक जागेचा वाटा धरून फुगवलेल्या क्षेत्राचा दर सांगतो. उंच इमारतींत पोडियम, दोन लिफ्ट, क्लब हाऊस यांचा भार त्यात मिसळलेला असतो. २०२० च्या एकात्मिक बांधकाम नियमावलीनंतर नाशिकमध्ये उंच इमारती वाढल्या, तसा हा भारही वाढला. सेलेबलचा दर सारखाच दिसणाऱ्या दोन स्कीममध्ये कारपेटचा दर बराच वेगळा निघतो. एकाच इमारतीत पहिल्या वर्षी नोंदलेला भाव आणि आजचा भाव शेजारी मांडलात, की तुमच्यापुरता वर्षाचा कल तुमच्या हातात आला. इंदिरानगर, गोविंदनगर, गंगापूररोड इथले आकडे पाथर्डी फाट्याला लावू नका. या शहरात दोन किलोमीटरवर भाव बदलतो. गोदावरी-नासर्डीच्या काठाजवळचं घर असेल, तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर पाहून घ्या.

तुमच्या ४८ लाखांत पैसे वाचवायची एक जागा आहे, ती सोडू नका. नाशिक जीएसटीच्या दृष्टीने महानगर नाही. इथे कारपेट ९० चौरस मीटरपर्यंत आणि एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत असेल, तर चालू बांधकामाच्या घरावर एक टक्का जीएसटी. वर गेलात की पाच टक्के. ४८ लाखांवर २ लाख ४० हजार, ४५ लाखांवर ४५ हजार. बिल्डरने तीन लाख सोडले, तर तुमचे जवळपास पाच लाख वाचतात. पार्किंग, डेव्हलपमेंट चार्ज, पसंतीच्या मजल्याचं जादा शुल्क हे सगळं त्या ४५ लाखांच्या आतच यायला हवं. वेगळं बिल करून मर्यादा पाळल्याचं दाखवता येत नाही. आणि वरचे तीन लाख रोख द्या असं कुणी म्हटलं, तर उठून या. ते बेकायदा आहे, त्यावर कर्ज मिळत नाही, आणि पुढे घर विकताना तेवढा नफा फुगून तुमच्याच अंगावर कर येतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं तयार घर घेतलंत, तर जीएसटी अजिबात नाही. तो पर्यायही त्याच परिसरात पाहा. करारनामा नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका, कायद्याने बिल्डरला ती मागताही येत नाही. पंतप्रधान आवास योजनेचं व्याज अनुदान ३५ लाखांपर्यंतच्या घरांना आहे, तुम्हाला ते लागू होणार नाही.

हातात रोख किती हवी, तेही पाहा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, आणि मुद्रांक शुल्क-नोंदणी त्या किमतीत धरत नाही. मूल्यांकन करारनाम्यापेक्षा कमी आलं, तर ८० टक्के कमी रकमेवर मोजतात.

राहिला वडिलांचा फ्लॅट, आणि इथे काळजीपूर्वक वागा. घर २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असल्याने त्यांना दोन रीतींपैकी सोयीची निवडता येते. सरळ नफा २६ लाख, त्यावर साडेबारा टक्के म्हणजे ३ लाख २५ हजार. किंवा महागाई निर्देशांकाने खरेदीची किंमत वाढवून: २००४-०५ चा निर्देशांक ११३, २०२५-२६ चा ३७६, म्हणजे सहा लाखांचे सुमारे २० लाख होतात, नफा १२ लाख, त्यावर वीस टक्के म्हणजे साधारण २ लाख ४० हजार. दोन्हींवर उपकर वेगळा. तेव्हा ही दुसरी, इंडेक्सेशनची रीत बरी. पण हाही कर पूर्ण वाचू शकतो, जर वडिलांनी नफ्याची रक्कम दोन वर्षांत दुसऱ्या घरात घातली, किंवा चालू बांधकाम असेल तर तीन वर्षांत ते पूर्ण झालं. अट अशी की नवं घर वडिलांचं असायला हवं. पैसे त्यांचे आणि घर फक्त तुमच्या नावावर, असं केलंत तर सवलतीवर आक्षेप येण्याची दाट शक्यता आहे. त्यांना सहमालक करा आणि त्यांचा हिस्सा करारनाम्यात लिहा. विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत, तर ते बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवावे लागतात. साध्या बचत खात्यात पडून राहिले तर सवलत जाते.

घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, तुमच्या बाबतीत ती ४५-४८ हजारांची होते. पण एकही पुरुष सहमालक आला की ती सूट जाते. वडिलांची करसवलत त्याहून बरीच मोठी असल्याने मी वडिलांचं नाव घालणंच पसंत करेन. बँक बहुतेक वेळा सर्व सहमालकांना सहकर्जदार करते. कर्जाची मुदत वडिलांच्या वयामुळे कमी करणार का, हे बँकेला आधीच विचारा. नावं बुकिंगचा अर्ज भरतानाच पक्की करा. करारनामा नोंदवल्यावर नाव वाढवायला पुन्हा दस्त आणि पुन्हा खर्च लागतो.